औंधचे चित्रकार राजे

साताऱ्याच्या आग्नेयेस, खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर यमाई देवीचे देऊळ आहे. या औंधास पूर्वी संस्थान होते आणि १९०९ पासून तेथील गादीवर भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे अधिपती होते. लोक त्यांना आदराने बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. राजेलोकांना शिकारीचा नाद असे. बाळासाहेबांना नाद होता तो कुंचल्याचा. नियमाने सूर्यनमस्कार घालावेत, कीर्तनास उभे राहावे आणि चित्रे काढावीत, हा त्यांचा आवडता क्रम. १९१६ मध्ये त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे ठरविले, तेव्हा त्या कार्यास त्यांनी एक लक्ष रुपये देऊ केले आणि ग्रंथासाठी चित्रेही स्वतः काढली. प्राचीन काळचे लोक दिसत कसे, वस्त्रे कशी नेसत, हे नुसत्या कल्पनेने सांगता येत नाही. त्यासाठी जुनी शिल्पे आणि भित्तिचित्रे पाहावी लागतात. अजिंठ्याच्या लेण्यांवर बाळासाहेबांनी १९३२ मध्ये एक इंग्रजी ग्रंथच लिहिला.

त्यांची सर्वच चित्रे थोर आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. राजा रविवर्मा यांच्या हातची सफाई त्यांत नाही. पण आपल्याहून सरस हात कोणता, हे त्यांना अचूक कळे. आणि असे कळूनही हेवा न करणे सोपे नसते! त्यांनी रविवर्म्यांची 'सैरंध्री' मिळविली, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व मूल यांचे शिल्प आणले, आणि १९३८ मध्ये हा सारा संग्रह टेकडीवर संग्रहालय बांधून लोकांसाठी खुला केला.

याच राजाच्या आश्रयास आणखी एक चित्रकार आला होता, तो रंग सोडून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असता, काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. केवढा हा आघात! त्यांनी कुंचला ठेवला व यंत्रांची रेखाचित्रे हाती घेतली. १९१० मध्ये बाळासाहेबांनी त्यांना कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जमीन दिली. सांगली जिल्ह्यातील आजची किर्लोस्करवाडी ती हीच.

१९३९ मध्ये बाळासाहेबांनी आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ते निवर्तले.

शाळेची सहल घेऊन मी औंधास जाई, तेव्हा मुले 'सैरंध्री'पुढे हटकून थांबत. "गुरुजी, ही इतकी दुःखी का?" असे कोणीतरी विचारी. मग विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीची कथा सांगावी लागे, आणि ती संपेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ होई.