चर्च व राज्यसंस्था यांची विभक्तता

ख्रिस्ती धर्मसंस्था (चर्च) व राज्यसंस्था यांची अधिकारक्षेत्रे भिन्न असून एकीने दुसरीच्या क्षेत्रात सत्ता गाजवू नये, असे प्रतिपादन करणारे तत्त्व. या तत्त्वानुसार राज्य कोणत्याही पंथास अधिकृत धर्मपंथाचा दर्जा देत नाही, त्याच्या पोषणासाठी कर बसवीत नाही व नागरिकांचे हक्क त्यांच्या श्रद्धेवर अवलंबून ठेवीत नाही. त्याचप्रमाणे चर्चलाही आपल्या आज्ञा राज्याच्या दंडशक्तीच्या साहाय्याने लादता येत नाहीत. ही विभक्तता दोन संस्थांमधील होय. श्रद्धाळू व्यक्तीने राजकारणापासून दूर राहावे, असा तिचा अर्थ नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या तत्त्वाला लिखित संविधानाचे अधिष्ठान लाभले. तेथील विभक्तता ही केवळ बुद्धिवादी विचारवंतांची निर्मिती होती, असा एक समज आढळतो. तथापि तिच्यासाठी झगडणाऱ्यांत छळ सोसलेल्या निष्ठावंत ख्रिस्ती पंथीयांचा वाटा तितकाच मोठा होता.

पार्श्वभूमी : सीझरचे सीझरला व देवाचे देवाला द्यावे, या आशयाचे येशू ख्रिस्ताचे वचन मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. दोन निष्ठांमधील भेदाचा आधार म्हणून ते वारंवार सांगितले जाते. मात्र या दोन निष्ठांमधील सीमारेषा कोठे आखावी, हे त्यातून स्पष्ट होत नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटीन याच्या काळात, ३१३ मध्ये, ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली व ३८० मध्ये थीओडोशियसने त्याला साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरविले. तेव्हापासून छळ सोसणारे चर्च सत्तेचे भागीदार झाले. मध्ययुगात बिशपांच्या नेमणुकीचा अधिकार कोणाचा, यावरून पोप सातवा ग्रेगरी व सम्राट चौथा हेन्री यांच्यात तीव्र संघर्ष झाला. १०७७ मध्ये हेन्रीला कानोसा येथे पोपपुढे क्षमायाचना करावी लागली. धर्मसुधारणेच्या आंदोलनानेही हा प्रश्न सुटला नाही. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानुसार रोमन कॅथलिक व ल्यूथर या दोन पंथांपैकी जो राजाचा, तोच प्रजेचा, असे ठरले. राज्याने श्रद्धेच्या बाबतीत मुळीच सक्ती करू नये, ही भूमिका ॲनाबॅप्टिस्टांसारख्या लहान पंथांनी घेतली. इंग्लंडमध्ये टॉमस हेल्विस या बॅप्टिस्ट नेत्याने १६१२ मध्ये, राजाची सत्ता प्रजेच्या आत्म्यावर चालत नाही, असे प्रतिपादन केले. ही मोकळीक त्याने पाखंडी, मुसलमान व ज्यू यांनाही लागू केली. पुढे न्यूगेट येथील तुरुंगात त्याचा अंत झाला.

वसाहतींचा काळ : छळाला कंटाळून अमेरिकेत आलेल्या प्यूरिटनांनी मॅसॅचूसेट्स वसाहतीत आपल्याच पंथाची सत्ता प्रस्थापित केली. बंदी मोडून परत आलेल्या मेरी डायर या क्वेकर स्त्रीला १६६० मध्ये बॉस्टन येथे फाशी देण्यात आले. दंडाधिकाऱ्याला धर्मविषयक गुन्ह्यांसाठी शिक्षा करण्याचा अधिकार नाही, असे म्हणणारा धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स (सु. १६०३–८३) यास या वसाहतीने १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली. त्याने १६३६ मध्ये नॅरगॅन्सेट लोकांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापन केली. ऱ्होड आयलंडला १६६३ मध्ये मिळालेल्या सनदेत धर्मस्वातंत्र्याची हमी देण्यात आली. विल्यम्सची श्रद्धा मुळीच शिथिल नव्हती. सक्तीने करविलेली उपासना ही देवाची विटंबना होय व सत्तेच्या संपर्काने चर्चच भ्रष्ट होते, अशी त्याची धारणा होती. चर्चरूपी उद्यान व जगरूपी रान यांच्यामध्ये कुंपण असावे, ही उपमा त्याने वापरली. म्हणजे विभक्ततेची गरज त्याला प्रथमतः चर्चच्या शुद्धतेसाठी वाटत होती.

व्हर्जिनियातील संघर्ष : व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे अधिकृत चर्च असून त्याच्या खर्चासाठी सर्व पंथीयांकडून कर घेतला जाई. परवान्याशिवाय प्रवचन केल्याबद्दल १७६८ पासून बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकण्यात येऊ लागले. या घटनांनी तरुण जेम्स मॅडिसन (१७५१–१८३६) अस्वस्थ झाला. १७७६ च्या व्हर्जिनियातील हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात धर्मसहिष्णुतेचा उल्लेख होता. मॅडिसनच्या प्रयत्नाने त्याऐवजी धर्माचरणाचा समान हक्क मान्य झाला. हा बदल मूलगामी होता. कारण सहिष्णुता ही सत्ताधाऱ्याने दिलेली सवलत असते व ती परत घेता येते, हक्काचे तसे नसते.

१७८४ मध्ये पॅट्रिक हेन्रीने ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसविणारे विधेयक पुरस्कारिले. आपला कर कोणत्या पंथाला जावा, हे करदात्याने ठरवावयाचे होते. वरवर उदार दिसणाऱ्या या योजनेला मॅडिसनने १७८५ मध्ये एका प्रसिद्ध निवेदनाद्वारे विरोध केला. ख्रिस्ती धर्म राज्याच्या आधाराशिवाय शतकानुशतके टिकला व वाढला, हा त्याच्या युक्तिवादातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. बॅप्टिस्ट व प्रेसबिटेरियन मंडळ्यांनीही विरोधाचे अर्ज पाठविले. ज्या धार्मिक अर्जात हा कर शुभवर्तमानाच्या भावनेशी विसंगत ठरविला होता, त्यावर मॅडिसनच्या निवेदनापेक्षा कितीतरी अधिक सह्या होत्या. विधेयक बारगळले व टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) याने १७७७ मध्ये लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा जानेवारी १७८६ मध्ये संमत झाला.

संविधानातील तरतूद : १७८७ च्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक पदासाठी धर्मविषयक कसोटी लावण्यास मनाई केली. १७८९ च्या निवडणुकीच्या वेळी मॅडिसनने एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकास पत्र लिहून धर्मस्वातंत्र्याच्या संरक्षणासाठी घटनादुरुस्ती करण्याची तयारी दर्शविली. १७९१ मध्ये अंमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला धर्मस्थापनेसंबंधी कायदा करण्यास अथवा धर्माचरणाच्या स्वातंत्र्यास प्रतिबंध करण्यास मज्जाव केला. हे बंधन सुरुवातीस केवळ संघराज्यावर होते. म्हणून कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत व मॅसॅचूसेट्समध्ये १८३३ पर्यंत अधिकृत चर्चची पद्धती चालू राहिली. कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी आपली कैफियत अध्यक्ष जेफर्सनला कळविली. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात त्याने चर्च व राज्य यांच्यामधील विभक्ततेच्या भिंतीचा उल्लेख केला. त्यानंतर दोनच दिवसांनी प्रतिनिधिगृहात झालेल्या उपासनेस तो उपस्थित होता व तेथे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लीलंड (१७५४–१८४१) याचे प्रवचन झाले. श्रद्धेला सार्वजनिक जीवनातून वगळावे, असा त्या भिंतीचा हेतू नव्हता, हे यावरून दिसून येते. मात्र शासकीय इमारतीतील उपासना भिंतीच्या कल्पनेशी कितपत सुसंगत होती, हा प्रश्न उरतोच.

श्रद्धा व राजकीय सहभाग : अधिकृत चर्च नष्ट झाल्यावर अमेरिकेतील धर्मजीवन ओसरले नाही. उलट स्वेच्छेच्या वर्गणीवर चालणारे पंथ विस्तारले व त्यांतून सामाजिक चळवळी निर्माण झाल्या. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात क्वेकर व अन्य पंथीय अग्रभागी होते. परंतु गुलामगिरीचे समर्थनही बायबलच्याच आधारे करण्यात आले आणि १८४५ मध्ये याच प्रश्नावरून दक्षिणेतील बॅप्टिस्ट वेगळे झाले. मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) हा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होता. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स या संघटनेच्या द्वारे कृष्णवर्णीयांच्या चर्चचे बळ नागरी हक्कांच्या चळवळीस लाभले. जॉन केनेडी या कॅथलिक उमेदवाराने १९६० मध्ये ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे, आपण चर्चच्या आदेशानुसार राज्यकारभार करणार नाही, अशी ग्वाही दिली. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल याने स्थापिलेल्या मॉरल मेजॉरिटी या संघटनेने सनातनी प्रॉटेस्टंटांना पक्षीय राजकारणात आणले. ती १९८९ मध्ये विसर्जित झाली, तरी या प्रवाहाचा प्रभाव टिकून राहिला.

अशा सहभागाला कायद्याने दोन बाजूंनी आकार दिला. १९५४ मध्ये करमाफी असलेल्या चर्चसारख्या संस्थांना उमेदवारांच्या प्रचारात भाग घेण्यास बंदी करण्यात आली. या बंदीची व्याप्ती पुढे वादाचा विषय झाली. दुसऱ्या बाजूस, धर्मोपदेशकांना विधिमंडळाच्या सदस्यत्वास अपात्र ठरविणारी टेनेसी राज्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अवैध ठरविली. म्हणजे धर्मपीठावरील व्यक्तीलाही नागरिक म्हणून निवडणूक लढविता येते, हे मान्य झाले.

न्यायालयीन अन्वयार्थ : सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या एव्हर्सन खटल्यात धर्मस्थापनेस मनाई करणारे कलम घटक राज्यांनाही लागू केले. त्या निवाड्यात भिंतीच्या कल्पनेचा जोरदार पुरस्कार असूनही, धार्मिक शाळांत जाणाऱ्या मुलांचा बसप्रवासाचा खर्च पालकांना परत देणे वैध ठरविण्यात आले. १९६२ मध्ये सार्वजनिक शाळांतील शासनपुरस्कृत प्रार्थना व १९६३ मध्ये बायबलवाचन घटनाबाह्य ठरले. विद्यार्थ्याने स्वतः प्रार्थना करण्यास मात्र मनाई झाली नाही. २०२२ च्या दोन निवाड्यांत न्यायालयाचा कल बदललेला दिसतो. खेळाच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शालेय प्रशिक्षकाच्या बाजूने निर्णय झाला, तसेच खासगी शाळांसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणसाहाय्यातून धार्मिक शाळांना वगळता येणार नाही, असे ठरले. टीकाकारांच्या मते यामुळे भिंत खचली, तर समर्थकांच्या मते श्रद्धाळूंना मिळणारी असमान वागणूक दूर झाली.

महाराष्ट्र व भारत : मॅसॅचूसेट्समधील मिशनरी मंडळाने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले व त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा प्रारंभ झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शासनाने त्यांना परत जाण्याचा आदेश दिला होता; अखेर त्यांना राहण्याची अनुमती मिळाली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९) या ग्रंथाद्वारे अमेरिकेतील धर्मपंथ व त्यांची दानकार्ये यांची माहिती मराठी वाचकांस करून दिली. भारतातील अँग्लिकन चर्चचा इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी असलेला कायदेशीर संबंध १९२७ च्या कायद्यान्वये १९३० मध्ये संपुष्टात आला. भारतीय संविधानाच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाने विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती निषिद्ध मानली आहे. व्हर्जिनियातील १७८४ च्या वादाशी तिचे साम्य लक्षणीय आहे. तथापि भारतीय राज्यास सामाजिक सुधारणेसाठी धर्मसंस्थांच्या व्यवहारात कायद्याने हस्तक्षेप करता येतो. त्यामुळे अमेरिकेतील भिंतीची कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

मूल्यमापन : विभक्ततेने श्रद्धा व राजकारण यांतील ताण नाहीसा केला नाही. एकाच श्रद्धेतून परस्परविरोधी राजकीय भूमिका निघू शकतात, हे गुलामगिरीच्या वादाने दाखवून दिले. मात्र अशा भूमिकांचा निर्णय चर्चच्या शिक्षेने वा राज्याच्या धर्माज्ञेने न होता नागरिकांच्या मतांनी व्हावा आणि पराभूत पक्षाची उपासना तरीही निर्वेध राहावी, ही या तत्त्वाची मुख्य फलश्रुती होय.