पेरणारा आणि दळणारा

चौलच्या वाड्या मागे टाकून रेवदंड्याच्या आगरकोटात शिरलं की पोर्तुगीजांच्या पडक्या भिंतींवर वड-पिंपळ उगवलेले दिसतात. १७४० साली हा कोट मराठ्यांकडे आला. दगडांवर झाडांनी कब्जा केला तो त्यानंतर, सावकाश. पण पुरुषभर उंचीवर, चुन्याच्या फटीत बी ठेवायला कोण चढलं?

बुलबुल, कोकीळ, वटवाघूळ असे संशयित बरेच. माझं बोट तांबटाकडे जातं. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, चोचीभोवती राठ मिशा. भर उन्हात त्याचं टुक् टुक् चालू होतं, मिनिटाला शंभरेक ठोके, आणि गंमत म्हणजे त्या वेळी त्याची चोच चक्क मिटलेली असते! फुगतो तो गळा. वडाचं फळ तो गिळतो, गर पचवतो आणि खसखशीएवढ्या बिया विष्ठेतून शाबूत टाकतो. वडाला रुजायला जमीनच हवी असं नाही. फटीतला ओलावाही पुरतो.

त्याच वडावर हरियालही उतरतो. पिवळ्या पायांचं हे हिरवं कबुतर म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी. थवा पानांत असा मिसळतो की झाड रिकामं वाटतं. टाळी वाजवली की अर्धा वडच उडाला असं वाटतं. फळ तेच, पण पोट वेगळं. हिरव्या कबुतरांच्या पोटात जाड स्नायूंची पेषणी असते आणि तिच्यात गिळलेले खडे. हे चालतं-बोलतं जातंच. फ्रँक लँबर्ट यांनी मलेशियाच्या जंगलातला अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हिरव्या कबुतरांनी खाल्लेल्या वडवर्गातल्या फळांच्या बिया भरडल्या जात असल्याचं दिसलं. त्यांच्याच कुळातली मोठी इम्पीरियल कबुतरं मात्र बिया धड बाहेर टाकतात.

म्हणजे वडाच्या हिशेबात हरियाल फुकट्या पाहुणा. वडाला ते परवडतं, कारण एकेका फळात बियांची रेलचेल आणि झाडावर फळं हजारोंनी. गरात प्रथिनं कमी असतात. बी दळलं की थोडी जास्त हाती लागतात. शिवाय सगळ्या कबुतरांप्रमाणे हरियालचे नर-मादी दोघंही आपल्या अन्नपिशवीत पिल्लांसाठी दुधासारखा पौष्टिक स्राव तयार करतात. तांबटाकडे जातंही नाही आणि दूधही नाही. त्याला पिल्लांसाठी फळांच्या जोडीला किडे धुंडाळत फिरावं लागतं.