पिवळ्या ठिपक्यातला पांढरा उजेड

मोबाइलच्या मागे, कॅमेऱ्याशेजारी फ्लॅशचा इवलासा दिवा असतो. तो बंद असताना निरखून पाहा, बहुतेक फोनमध्ये ठिपका पिवळा दिसेल. लावला की उजेड मात्र पांढरा. हा पिवळा रंग कुठून आला, याचा माग काढत गेलं तर आपण वरातीतल्या गॅसबत्तीपाशी जाऊन पोचतो.

समई, मेणबत्ती, कंदील या सगळ्यांचा उजेड काजळीचा. ज्योतीत तेलातला कार्बन एकदम जळत नाही, त्याचे बारीक कण तापून पिवळे चमकतात. कंदिलाची काच काळी होते ती याच कणांनी. उलट सगळं इंधन स्वच्छ जळालं, तर ज्योत निळी आणि कडक तापलेली, पण जवळजवळ बिनउजेडाची.

कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने हीच निळी ज्योत कामाला लावली. धातूंच्या क्षारांत भिजवलेलं सुती कापड त्याने ज्योतीवर धरलं. कापड जळून गेलं, मागे ऑक्साइडची पांढरी जाळी उरली आणि तीच लख्ख चमकू लागली. 1885 मधल्या पहिल्या जाळीचा उजेड हिरवट होता. 1891 मध्ये त्याला नेमकं प्रमाण सापडलं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सीरियम ऑक्साइड.

हा एक टक्का मला फार विलक्षण वाटतो. थोरियम ऑक्साइड उष्णतेचे अदृश्य किरण फारसे बाहेर टाकत नाही, त्यामुळे ज्योतीत ते भरपूर तापतं. पण त्याचा दिसणारा उजेडही क्षीणच. उजेड देण्याचं काम सीरियम करतं. मात्र सीरियम वाढवलं, तर जाळी उष्णता गमावू लागते आणि उजेड उतरतो. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही.

आपल्याकडे गॅसबत्ती रॉकेलवर चाले. पंप मारला की रॉकेलची वाफ होऊन याच जाळीत, म्हणजे मेंटलमध्ये, जळे. कीर्तन, तमाशाचा फड, वरात, सगळीकडे तिचाच झगझगाट. एकदा पेटवलेलं मेंटल म्हणजे नुसती राखेची जाळी, त्यामुळे बत्ती जरा आपटली तरी ते गळून पडायचं.

मेंटलला लागणारं थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून येई, आणि ही वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मुबलक होती. 1909 मध्ये तिचा शोध लागल्यावर ती मेंटलसाठी परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात, मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना उभा राहिला. तिथलं थोरियम नायट्रेट मेंटल बनवणाऱ्यांकडे जाई. थोरियम काढून घेतल्यावर उरणाऱ्या मालात सीरियम भरपूर असे. असा उरलेला मालही आउअरने त्याच्या काळात वाया जाऊ दिला नव्हता. त्यात लोखंड मिसळून त्याने 1903 मध्ये ठिणगी पाडणारा खडा केला. सिगारेटच्या लायटरमध्ये आजही तोच असतो.

विजेच्या पिवळ्या बल्बनेही तापूनच उजेड दिला. टंगस्टनची तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापायची आणि विजेतला जेमतेम विसावा हिस्सा उजेडाच्या रूपात मिळायचा. ट्यूबने तापण्याची ही वाट सोडली. तिच्यात पाऱ्याची वाफ अदृश्य अतिनील किरण देते आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड त्यांचा दिसणारा उजेड करते.

अशी पूड एलईडीतही आहे. एलईडीच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेवरून खाली उतरतो आणि ती ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. रंग कोणता, ते पदार्थावर ठरतं. लाल एलईडी 1962 मध्ये आला. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचा चांगल्या प्रतीचा स्फटिक घडवावा लागला आणि त्यात आणखी तीस वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल 2014 चं नोबेल मिळालं. पांढरा उजेड देणारा घरातला एलईडीही मुळात निळाच असतो. त्यावर पिवळी पूड बसवलेली असते आणि त्या पुडीत मिसळलेलं असतं किंचित सीरियम. ते थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा सोडतं. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. गॅसबत्तीत जे सीरियम रसरसून तापवावं लागे, तेच इथे न तापता उजेड देतं. म्हणूनच साठ वॉटच्या जुन्या बल्बचं काम नऊ वॉटमध्ये भागतं.

बल्ब घेताना खोक्यावरचे आकडे वाचा. पहिला आकडा उजेडाच्या रंगाचा, केल्विनमध्ये. 6500 के लिहिलेल्या बल्बमध्ये निळा अंश जास्त. रात्री निळा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला आवर घालतो, म्हणून झोपायच्या खोलीत 2700 ते 3000 केचा पिवळसर बल्ब बरा. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. निळ्या-पिवळ्याच्या या मिश्रणात लाल रंग तोकडा पडतो, त्यामुळे दुकानात तेजस्वी वाटलेली साडी घरी आल्यावर वेगळीच दिसते. साडी दारात नेऊन उन्हात बघण्याची आपल्या बायकांची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. जिथे शिवणकाम, रंगकाम किंवा स्वयंपाक होतो, तिथे 90 किंवा त्याहून जास्त सीआरआयचा बल्ब लावा. चार पैसे जास्त पडतात, पण टोमॅटो लालच दिसतो.