पंधराशे सोडून कामाला जावं का?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, बचत गोळा झाली, वह्यांवर सह्या झाल्या, बायका उठल्या. एक ताई मात्र बसूनच राहिल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली, पदरात शाळेतली दोन लेकरं, शेत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. बाकी हंगामात खुरपणी, काढणी. त्यांना शाळेत खिचडी शिजवायचं काम चालून आलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, काम घेतलं तर माझे पंधराशे जातील का? आणि जाणार असतील, तर काम घेऊ का नको?"

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बाईला आम्ही आग्रहानं कामाला पाठवलं होतं. "काम ते काम, सरकारच्या पैशावर किती दिवस बसणार," असं तोंड वर करून बोललो होतो. पुढं तिचं अनुदान बंद झालं, आणि ते तिला कळलं बँकेत पासबुक भरून आणल्यावर. वर्षाचा हिशोब घातला तेव्हा समजलं, की दिवसभर राबूनही तिच्या हातात आधीपेक्षा फारसं काही जास्त पडत नव्हतं. तेव्हापासून आमच्यात ठरलं, की आधी कागद-पेन घ्यायचा, मग सल्ला द्यायचा.

तर या ताईंचा हिशोब ऐका. शालेय पोषण आहारात स्वयंपाकी आणि मदतनीस बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे, आणि ते मिळतं वर्षातले १० महिने. म्हणजे वर्षाचे २५,००० रुपये. निराधार योजनेची अट अशी, की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या वर नको. पंचवीस हजार आले की ताई त्या रेघेच्या पलीकडे गेल्या. मग वर्षाचे १८,००० रुपये थांबणार. पंचवीसातून अठरा गेले, उरले सात हजार. शाळेचे दिवस नुसते दोनशे धरले, तरी दिवसाला ३५ रुपये पडले. त्यात तांदूळ निवडणं आलं, मोठं पातेलं उतरवणं आलं, भांडी घासणं आलं. शिवाय शाळेतून सुटका दुपारनंतर, म्हणजे खुरपणीची रोजंदारी बुडाली ती वेगळीच. पाऊस झाल्यावर आमच्याकडे खुरपणीला अडीचशे रुपये मिळतात. असे तीसच दिवस बुडाले तरी साडेसात हजार गेले. म्हणजे ताई कामाला लागून उलट पाचशे रुपयांनी मागं आल्या.

हे २१,००० कसले, ते जरा बघू. महिन्याला होतात १,७५०. दोन लेकरांचं घर एवढ्यात कुणाचं चालतं? अनुदान आधी ६०० होतं, मग १,००० झालं, २०२३ साली १,५०० झालं. मर्यादा मात्र २१,००० वरच बसून राहिली. रोजगार हमीचंच घ्या. २०२५-२६ साली आपल्या राज्यात हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कायद्यानं कुटुंबाला शंभर दिवस काम मागायचा हक्क दिला होता. पण निराधार बाईनं त्यातले अडुसष्ट दिवस जरी काम केलं, तरी २१,२१६ रुपये होतात आणि ती रेघेच्या बाहेर जाते. एका हातानं शंभर दिवसांचं काम द्यायचं आणि अडुसष्टाव्या दिवशी दुसऱ्या हातानं पेन्शन धरायची, असा हा प्रकार. आणि हे कुठं, तर ज्या महाराष्ट्रानं १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा केला, तिथं. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या आयाआज्यांनी खडी फोडली, ती फुकटचं नको, काम द्या म्हणून. बायका आळशी झाल्या असं कुणी म्हणालं की आम्हाला हे आठवतं.

आता तुमच्यातल्या कुणी म्हणाल, आम्हाला तर लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, आमचंही असंच होणार का? नाही. नीट ऐका, कारण इथंच बायकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खिचडी शिजवा, शिवणकाम करा, पॅकिंगला जा, अडीच लाखांच्या आत आहात तोवर कामामुळं तुमचे पंधराशे जात नाहीत. "पीएफ कापला की लाडकी बहीण बंद होते" असं गावात कुणीतरी उठवलंय. घरात कुणी आयकर भरत असेल तर अडचण आहे. पीएफ म्हणजे आयकर नव्हे, ती तुमचीच बचत आहे.

म्हणजे रक्कम दोघींची सारखीच, पंधराशे. पण लाडक्या बहिणीवाल्या बाईला रेघ अडीच लाखांची आणि निराधारवाल्या बाईला एकवीस हजारांची. दोन्ही पैसे एकदम मिळत नाहीत, म्हणून निराधारवाल्या ताईंनी तेव्हा लाडक्या बहिणीचा अर्ज भरलाच नाही. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. आज निराधार सुटलं तर इकडची दारं उघडी असतीलच असं धरून चालू नका. आधी अंगणवाडीत आणि पंचायतीत विचारा, मगच पहिलं पाऊल उचला.

बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, "दाखल्यावर कमी लावून घ्यायचं की." बायका असं का म्हणतात ते आम्हाला कळतं. पण खोटा दाखला काढा असं आम्ही रेडिओवरून काय, चुलीपुढंही सांगणार नाही. पकडलं तर दिलेला पैसा परत मागतात, आणि तो भरायला बाई शेवटी गटाकडंच कर्ज मागायला येते.

मग निराधार बाईनं कामाला जायचंच नाही का? जायचं. पण कोणतं काम, ते बघून. याच ताईंना दुसरं एक काम मिळू शकत होतं. एमआयडीसीत पॅकिंगचं, ठेकेदाराकडून, महिन्याला ९,००० रुपये. (कारखान्याचं किमान वेतन याहून जास्त असतं, त्याचं भांडण वेगळं आहे. आमच्या बायकांना आज मिळतात ते एवढेच.) आम्ही तोही हिशोब मांडला. नऊ हजारांतून पीएफ बारा टक्के, म्हणजे १,०८० रुपये. ईएसआयचे ६८. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तरी जायचे वीस आणि यायचे वीस, सव्वीस दिवसांचे १,०४०. अनुदानाचे १,५०० गेले. शेतावरची महिन्याची दहा रोजंदारी गेली, ती २,५०० धरली. उरले २,८१२. अजून एक गोष्ट राहिली, रेशनची. खेड्यात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला ४४,००० रुपये आहे आणि या पगाराचे होतात १,०८,०००. माणशी ५ किलोप्रमाणे तिघांचं १५ किलो धान्य कधीतरी बंद होऊ शकतं. ते विकत घ्यायचं म्हटलं तर किलोला तीस रुपयांनी साडेचारशे गेले. शेवटी राहिले महिन्याला २,३६२ रुपये.

नऊ हजार म्हणताना छाती फुगते, आणि हातात पडतात तेवीसशे. पण हे तेवीसशे आणि शाळेतला तोटा, यांत फरक आहे. इथं पीएफचे १,०८० ताईंच्या नावावर साठतात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात, त्यातला काही भाग पेन्शनला जातो. ईएसआय असेल तर लेकरांसकट दवाखाना. आणि एक गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही. पीएफच्या पेन्शन योजनेत असताना आईचं काही बरंवाईट झालं, तर बाप नसलेल्या दोन लेकरांना पंचवीस वर्षं वयापर्यंत पेन्शन मिळते. निराधारचे पंधराशे आईबरोबरच थांबतात. एकटीनं घर ओढणाऱ्या बाईला रात्री झोप कशामुळं लागत नाही, ते आम्ही सांगायला नको.

अर्थात हे सगळं पीएफ खरोखर भरला जात असेल तरच. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असेही ठेकेदार आम्ही बघितलेत. म्हणून कामाला लागलात की पहिल्या महिन्यातच यूएएन नंबर मागून घ्या, तो आधार आणि मोबाइलला जोडून घ्या, आणि दर महिन्याला पैसे जमा झाल्याचं मोबाइलवर बघा. बघता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला बसवा. नंबर द्यायला ठेकेदार टाळाटाळ करायला लागला, तर ते नऊ हजारांचं काम नाही, सहा-सात हजारांचं आहे असं समजा आणि हिशोब परत मांडा. बहुतेक वेळा तो निराधारच्या पुढं टिकत नाही.

ताईंनी शाळेच्या कामाला नको म्हणून कळवलं. मुख्याध्यापकांना जरा वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं, कारण ताईंच्या हाताला चव आहे. पॅकिंगचं त्यांनी जूनवर ठेवलंय. धाकटा तेव्हा थोरलीच्या शाळेत जाईल, मग दोघं एकत्र घरी येतील आणि सहाची एसटी येईपर्यंत शेजारच्या आजींकडं बसतील. तोवर त्यांनी दोन कामं अंगावर घेतलीत. ठेकेदाराकडच्या जुन्या बायकांना गाठून पीएफ जमा होतो का ते विचारायचं, आणि लाडक्या बहिणीचे नवे अर्ज घेतात का, याची पंचायतीत चौकशी करायची.

ज्यांना आपला हिशोब मांडून घ्यायचाय, त्यांनी पुढच्या मंगळवारी दुपारी समाजमंदिरात यावं. येताना पासबुक, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला आणा. पेन आमच्याकडं आहे.