खांद्यातली गाठ आणि कोरडी सुई : ड्राय नीडलिंग म्हणजे काय?



31 जुलैपर्यंत बंदी आहे. बोटी वर ओढून झाल्या, जाळी दुरुस्तीला काढली आहेत. सोसायटीत कागद घेऊन येणारा प्रत्येक दुसरा माणूस एक हात खांद्यावर ठेवूनच येतो. कोणाची मान धरली आहे, कोणाची कंबर. उपाय मात्र सगळ्यांचा एकच: मेडिकलमधून दुखण्याची गोळी. म्हणून आज डिझेल आणि परवान्याचं बाजूला ठेवून दुखण्याबद्दल लिहितो.

मागे संस्थेच्या कामासाठी हैदराबादला गेलो होतो. राष्ट्रीय मात्स्यिकी विकास मंडळाचं, म्हणजे एनएफडीबीचं मुख्य कार्यालय तिथे आहे. माशाच्या आकाराची ती इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल. माझा उजवा खांदा आधीच जाम होता, त्यात रात्रभर रेल्वेचा बाक. सकाळी हात वर जाईना. तिथल्याच एका माणसाने मला जवळच्या फिजिओथेरपी दवाखान्यात नेलं. फिजिओ मॅडमनी मान आणि खांद्याच्या मध्ये बोट दाबलं, तर कळ कानामागे गेली. "हौ, यहीच गांठ है," त्या म्हणाल्या आणि बारीक सुई काढली. मी विचारलं, औषध कुठलं? म्हणाल्या, औषध नाहीच. सुईच आहे.

औषध नसलेली म्हणून ही 'कोरडी' सुई. इंग्रजीत ड्राय नीडलिंग.

गाठ म्हणजे काय?

स्नायू म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा, आपल्या दोरासारखा. डोल ओढताना, बर्फाचे टब उचलताना तेच तेच स्नायू तासन् तास आवळलेले राहतात. बायकांचंही तेच: डोक्यावर पाटी, मग खाली बसून कोळंबी सोलायची, मान पुढे वाकलेली. स्नायूला सैल व्हायला वेळ मिळाला नाही की त्यातली एखादी पट्टी ताठ राहते आणि तिच्यात दाबल्यावर दुखणारी जागा तयार होते. तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. गंमत अशी की गाठ एका जागी असते आणि दुखणं दुसरीकडे जाणवतं. खांद्यातल्या गाठीने डोकं दुखतं, कुल्ल्यातल्या गाठीने पाय दुखतो.

अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा जागांचा शरीरभराचा नकाशाच तयार केला. त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबरचं त्यांचं मोठं पुस्तक 1983 साली आलं. त्याआधी 1979 मध्ये प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी लिहिलं होतं की अशा जागी इंजेक्शन दिल्यावर जो आराम पडतो, तो मुळात औषधाने नाही, सुईच्या टोचण्यानेच पडतो. कोरड्या सुईची वाट तिथून रुंद झाली.

सुई काय करते?

ही सुई भरीव असते, आत भोक नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. ती थेट गाठीत घालतात. नेमकी जागा लागली की स्नायू गळाला लागलेल्या माशासारखा एक झटका देतो. क्षणभर जोरात कळ येते, मग स्नायू सैल पडल्यासारखा वाटतो. हे नेमकं कशामुळे होतं यावर तज्ज्ञांची चर्चा अजून चालू आहे. अॅक्युपंक्चरची सुई अशीच दिसते, पण ती विद्या चिनी वैद्यकाची आणि तिचे बिंदू वेगळे. इथे दुखरा स्नायू शोधून त्यातच सुई घालतात.

आता खरं सांगतो. आजवरच्या अभ्यासांत दिसलेला फायदा मुख्यतः काही दिवस ते काही आठवड्यांचा आहे. सुईने गाठ सुटते, पण ती ज्या कामाने पडली ते काम तसंच राहिलं तर परत पडते. मॅडमनी मला सुईनंतर तीन व्यायाम दिले आणि बजावलं की हे करणार नसाल तर पैसे वाया. घरी आल्यावर पंधरा दिवस व्यायाम केला, हात वर जायला लागला. मग आळस केला, खांदा परत धरला. चूक सुईची नव्हती.

सुई घेण्याआधी

1. बीपीटी किंवा एमपीटी झालेला, नोंदणी असलेला आणि या सुईचं वेगळं शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्टच बघा. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.
2. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. वापरलेली सुई परत वापरायची नाही.
3. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, रक्त लवकर थांबत नसेल, साखर जास्त असेल, बाई गरोदर असेल किंवा त्या जागी जखम, सूज असेल तर आधीच सांगा.
4. नंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते, कधी काळीनिळी पडते. तेवढे दिवस जड ओढाओढ नको.

धोका कुठे आहे?

खांदा, पाठ आणि छातीच्या स्नायूंखाली फुप्फुस असतं. सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं. सुईनंतर धाप लागली, छातीत टोचायला लागलं, कोरडा खोकला सुरू झाला तर लगेच हॉस्पिटल गाठा. हा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून सकाळी सुई आणि संध्याकाळी बोट, असं करू नका. खोल समुद्रात एक्स-रे नाही.

आणि प्रत्येक दुखणं गाठीचं नसतं. छातीत दाब येऊन डावा हात, जबडा दुखला, घाम फुटला तर ते हृदयाचं असू शकतं. हातापायाला मुंग्या, ताकद कमी होणं, ताप, रात्री झोपू न देणारं दुखणं, यात आधी डॉक्टर. सुईचा विचार नंतर.

गोळीबद्दल एक शब्द

फेरीला निघताना गोळ्यांची अख्खी पट्टी खिशात टाकणारे आपल्यात कमी नाहीत. दुखण्याची गोळी रोज, उपाशीपोटी आणि पाणी कमी पिऊन घेतली तर पोटात अल्सर होतो, किडनीवर परिणाम होतो. बोटीवर उन्हात आपण नेमकं पाणीच कमी पितो. दुखणं दाबलं जातं, गाठ तिथेच राहते आणि किडनी जाते. यापेक्षा फिजिओकडे एक खेप स्वस्त.

तांडेल मंडळींना विनंती: ओढायच्या कामाला माणसं आलटून पालटून लावा. टब दोघांनी उचला. बायांनी कोळंबी सोलायला जमिनीऐवजी उंच पाट किंवा टेबल घ्या, अर्ध्या तासाने उठून मान, खांदे फिरवा. बंदीचे दिवस अंग दुरुस्त करायचेही दिवस आहेत. इंजिनाचं काम आपण नारळी पौर्णिमेआधी उरकतो. ते इंजिन चालवणाऱ्या खांद्याचंही तेव्हाच बघून घ्या.

आपला,
सचिव