बाह्य मॉनिटर निघाला तरी विंडो हरवू नये

सभागृहात सादरीकरण सुरू आहे. भिंतीवरील पडद्यावर चित्रे आणि वक्त्यासमोरील लॅपटॉपवर त्याची खासगी टिपणे, अशी विभागणी आहे. इतक्यात प्रोजेक्टरची केबल निसटते. ती पुन्हा जोडल्यावर टिपणेच श्रोत्यांसमोर झळकतात किंवा सादरीकरणाची विंडो दिसेनाशी होते. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसून आज्ञावलीत राहिलेल्या उणिवेचा असतो.

विस्तारित मांडणीत जोडलेले सर्व मॉनिटर मिळून संगणकासाठी एकच सलग पृष्ठभाग तयार होतो. विंडोज प्रणालीत मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा हा शून्य बिंदू मानला जातो. मुख्य मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या उजवीकडील मॉनिटरचे आडवे निर्देशांक १९२० पासून सुरू होतात. डावीकडील मॉनिटरचे निर्देशांक ऋण असतात. अनेक आज्ञावल्या बंद होताना विंडोचे स्थान नोंदवून ठेवतात. ती नोंद २४०० असेल आणि पुढील वेळी उजवीकडचा मॉनिटर जोडलेलाच नसेल, तर विंडो अस्तित्वात नसलेल्या जागी उघडू शकते. आज्ञावली सुरू असते, मात्र दिसत नाही. ऋण निर्देशांक चुकीचा समजून तो शून्य करणे हाही उपाय नव्हे; त्यामुळे डावीकडील मॉनिटरवर ठेवलेली विंडो भलत्याच पडद्यावर जाते.

पूर्णपडदा दृश्यात ही गुंतागुंत वाढते. त्यात प्रवेश करण्यापूर्वीचे विंडोचे स्थान व आकार जपून ठेवला नाही, तर बाहेर पडल्यावर तिला मूळ रूप मिळत नाही. ॲपलने २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायन या आवृत्तीत पूर्णपडदा दृश्याला स्वतंत्र जागा दिली. परंतु एका मॉनिटरवर असे दृश्य उघडताच दुसरा जवळपास निरुपयोगी ठरत असे. २०१३ मधील मॅव्हरिक्स आवृत्तीत ही अडचण दूर करण्यात आली. मॅकवर हा दृश्यबदल क्षणार्धात न होता क्रमाक्रमाने होतो. म्हणून तो पूर्ण झाल्याची सूचना मिळाल्यानंतरच विंडो हलवणे इष्ट ठरते.

मॉनिटरची रचना बदलताच कार्यप्रणाली आज्ञावलीला तसे कळवते. विंडोजमध्ये त्यासाठी 'डब्ल्यूएम डिस्प्लेचेंज' हा संदेश आहे. तो मिळाल्यावर उपलब्ध मॉनिटरची यादी नव्याने घ्यावी आणि विंडोची शीर्षकपट्टी त्यांपैकी एखाद्यावर दिसते का, हे तपासावे. दिसत नसल्यास विंडो सर्वांत जवळच्या मॉनिटरवर आणून तेथे मावेल इतकी करावी. जुनी नोंद मात्र पुसू नये. तोच मॉनिटर पुन्हा जोडल्यावर ती उपयोगी पडते. दोन मॉनिटरवर अक्षरांचे प्रमाण १०० आणि १५० टक्के असे भिन्न असू शकते, याचेही भान ठेवावे लागते.

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोचे स्थान लक्षात ठेवण्याची सोय आहे. तरीही कोणते दृश्य खासगी आणि कोणते श्रोत्यांसाठी, हे केवळ आज्ञावलीलाच ठाऊक असते. त्यामुळे प्रोजेक्टर नाहीसा होताच सादरीकरण थांबवावे आणि तो परतल्यावर वापरकर्त्याच्या संमतीनेच पुन्हा सुरू करावे. पूर्णपडदा दृश्य चालू असताना प्रत्यक्ष केबल काढून पाहणे, ही या आज्ञावलीची खरी परीक्षा होय.