मुंबईचे किनारे (लेखांक ४) : गिरगाव चौपाटी

गिरगाव चौपाटीवर सूर्य समुद्रात बुडत नाही, मलबार हिलच्या मागे जातो. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचा थोडा हिरमोड होतो, पण या किनाऱ्याचा स्वभाव त्या टेकडीनेच घडवला आहे. चौपाटी उघड्या अरबी समुद्रासमोर नाही. ती बॅकबेच्या आतल्या वळणात बसली आहे. पश्चिमेकडून टेकडीचा आडोसा असल्यामुळे वाळू सपाट, लाटा एरवी मवाळ आणि ओहोटीला पाणी लांबवर मागे सरतं. गर्दी मावायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

मरीन ड्राइव्ह ही पुढची गोष्ट. त्याआधी चर्नी रोड ते चर्चगेट या रुळांच्या पलीकडे लगेच समुद्रच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भराव पडला, भिंत आणि रस्ता आला, नंतर टेट्रापॉड आले. बॅकबेच्या या बाजूला पायाखाली वाळू लागेल असा मोठा पट्टा तेवढा चौपाटीवर उरला. समोर विल्सन कॉलेजची १८८९ची इमारत आणि मागे गिरगावच्या वाड्या आणि चाळी. एका खोलीत सात-आठ माणसं राहायची त्या काळात संध्याकाळी पोरांना घेऊन चौपाटीवर जाणं ही हौस नव्हती, गरज होती. चौपाटी हे चाळकऱ्यांचं अंगण होतं. भेळ, गोळा, कुल्फी, फुगे फोडायची बंदूक, हाताने फिरवायचे पाळणे, तेलाची बाटली खुळखुळवत फिरणारे मालिशवाले, हा सगळा संसार त्या अंगणात उभा राहिला. आता खाण्याचे ठेले एका बाजूला एकत्र आहेत. त्यामुळे वाळू मोकळी झाली, हे चांगलंच झालं.

जिथे लोक रोज फुकट जमतात, तिथे सभा भरणारच. सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचं निधन झालं, तेव्हा अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता परवानगी काढून या वाळूवर झाले. भर पावसात माणसांचा पूर लोटला होता. त्याच जागी आज टिळकांचा पुतळा उभा आहे. पुढे एप्रिल १९३०मध्ये अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी इथे चूल पेटवून समुद्राच्या पाण्याचं मीठ केलं आणि मुंबईत मिठाचा कायदा मोडला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध करणारी काँग्रेस नेत्यांची सभा लोकांनी याच चौपाटीवर उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास सांगताना हुतात्मा चौकाचं नाव हमखास येतं. गोळीबाराच्या आदल्या संध्याकाळची चौपाटी मात्र बहुतेक वेळा विसरली जाते, याचं मला वाईट वाटतं. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली, तीही इथल्याच रस्त्यावर.

गणेश विसर्जन हा चौपाटीचा सर्वांत मोठा दिवस, आणि त्या दिवशी खरा कारभार चंद्राच्या हाती असतो. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. इतक्या सपाट वाळूवर एवढं पाणी चढलं-उतरलं की उंच मूर्ती तराफ्यावर घेण्याची वेळ चुकवून चालत नाही. २०२५ साली लालबागचा राजा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर पोहोचला, पण भरतीने मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. विसर्जन व्हायला रात्र झाली. २०१३मध्ये दीड दिवसाच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटांनी दंश केले. पाकट वाळूत अंग पुरून पडून राहते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते. कोळी उथळ पाण्यात पाय उचलून टाकत नाहीत, वाळूवरून घासत नेतात. चाहूल लागली की पाकट स्वतःच निघून जाते. विसर्जनाला पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ही एवढी गोष्ट शिकवायलाच हवी.

पाकटांच्या त्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट दिसली. शहराचं सांडपाणी पोटात घेऊनही हा समुद्र जिवंत आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट २०१७पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवून समुद्रजीव दाखवतो, आणि गिरगाव चौपाटीही त्यात आहे. शंखांतले गोगलगायीसारखे जीव, समुद्रफुलं, खेकडे असं बरंच काही इथे सापडतं. पोहायला मात्र हे पाणी योग्य नाही आणि पावसाळ्यात तर त्यात पाऊलही टाकू नये.

चौपाटीला कुंपण नाही आणि तिकीटही नाही. ती तशीच राहिली पाहिजे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सर्वांत मागे गेलेलं असताना एकदा मुलांना घेऊन जा. दिसेल ते पाहा, जिवंत शंख-शिंपले मात्र जागीच राहू द्या.

पुढील लेखांकात : दादरची चौपाटी.